संकेतस्थळावरील चित्र दिसत नाही तेव्हा

संस्था लहान असो वा मोठी, आज बहुतेकींचे स्वतःचे संकेतस्थळ असते. कार्यक्रमांची छायाचित्रे, वसतिगृहाच्या प्रवेशाच्या सूचना, शिष्यवृत्तीचे अर्ज, गुणवंतांचे सत्कार हे सारे तेथे ठेवले जाते. हे काम बहुधा पगारी माणसे करीत नाहीत. एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी, एखादी शिक्षिका, नोकरीतून निवृत्त झालेला एखादा कार्यकर्ता रात्री जेवण झाल्यावर तासभर बसतो आणि संकेतस्थळ सांभाळतो. अशा सर्वांना सर्वांत जास्त त्रास कशाचा होत असेल, तर तो चित्रांचा. मजकूर निमूटपणे जागेवर बसतो. चित्र मात्र कधी दिसत नाही, कधी आडवे पडते, कधी उघडता उघडत नाही.

या विषयावर लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. आम्ही ज्या संकेतस्थळाचे काम पाहतो तेथे एका वर्षी शिष्यवृत्तीची सूचना लावायची होती. पत्रक छापून तयार होते. आम्ही त्याचाच फोटो काढला व पानावर लावला. आमच्या संगणकावर तो स्वच्छ दिसत होता. अर्जाची मुदत संपल्यावर दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीचा फोन आला : "सर, पानावर नुसती रिकामी चौकट दिसते. शेवटची तारीख कोणती आहे?" आम्ही दुसऱ्या संगणकावर जाऊन पाहिले, तर खरोखरच रिकामी चौकट! समितीने त्या मुलीचा अर्ज उशिराने स्वीकारला. परंतु ज्यांनी फोन केला नाही असे किती विद्यार्थी होते, हे आम्हांला कधीच कळणार नाही. त्यानंतर आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला. जे कळले ते विद्यार्थी मित्रांच्या व कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने मांडीत आहोत.

चित्र पानात नसतेच

पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे ती ही, की संकेतस्थळाच्या पानात चित्र नसते. चित्राचा पत्ता असतो. या स्मरणिकेच्या पानावर फोटो छापला म्हणजे तो कागदाला चिकटला. संकेतस्थळाचे तसे नाही. पान म्हणजे केवळ मजकुराची फाईल. तिच्यात चित्राच्या जागी 'अमुक फोल्डरातील अमुक नावाची फाईल येथे दाखवावी' अशी सूचना लिहिलेली असते. ब्राउझर ती सूचना वाचतो, त्या पत्त्यावर जातो, चित्र मागून आणतो आणि चौकटीत बसवतो. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात तयार झालेल्या मोझेक ब्राउझरने मजकुराच्या मध्येच चित्र दाखवण्याची ही पद्धत लोकप्रिय केली. आजही मूळ रीत तीच आहे.

एवढे समजले की निम्मा गोंधळ संपतो. दोष चारच ठिकाणी असू शकतो : पत्त्यात, वाटेत, चित्रात किंवा चौकटीत. पत्ता चुकला तर चित्र सापडत नाही. वाटेत अडथळा असेल तर सापडूनही मिळत नाही. चित्रच खराब किंवा अनोळखी प्रकारचे असेल तर मिळूनही दाखवता येत नाही. आणि चौकट चुकीची असेल तर चित्र दिसते, पण वेडेवाकडे दिसते.

पहिली परीक्षा

चित्र दिसले नाही की पुष्कळजण घाईने ते काढून पुन्हा चढवतात, नाव बदलतात, पान नव्याने लिहितात. मग मूळ दोष कोणता होता हेच कळेनासे होते. त्याऐवजी आधी एकच परीक्षा करावी. रिकाम्या चौकटीवर माऊसचे उजवे बटण दाबून ते चित्र नव्या टॅबमध्ये स्वतंत्रपणे उघडावे. तेथे चित्र व्यवस्थित उघडले, तर पत्ता, वाट व चित्र बहुधा ठीक आहेत, दोष चौकटीत आहे असे समजावे. तेथेही उघडले नाही, तर वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा.

पुष्कळदा तेथे एक आकडा दिसतो. तो नीट पाहावा. ४०४ म्हणजे 'या पत्त्यावर अशी फाईल नाही'. ४०३ म्हणजे 'फाईल देण्याची परवानगी नाही'. आकडा दिसला नाही तर संगणकावर एफ १२ ही कळ दाबावी, नेटवर्क हा भाग उघडावा व पान पुन्हा भरावे. पानाने मागवलेली प्रत्येक फाईल, तिचा आकडा व तिचे वजन यांची यादीच समोर येते. डॉक्टर आधी नाडी पाहतात, तसे आपण आधी हे आकडे पाहावेत.

पत्ता चुकतो कसा?

आमच्या शिष्यवृत्तीच्या सूचनेचा दोष येथेच होता. पानात चित्राचा जो पत्ता पडला होता, तो आमच्याच संगणकाच्या सी ड्राइव्हमधील फोल्डरचा होता. आमचा ब्राउझर चित्र आमच्याच घरातून उचलून आणीत होता, म्हणून आम्हांला ते दिसत होते. इतरांच्या संगणकावर ते फोल्डर असणार कोठून? म्हणून नियम असा, की पान तयार झाले की ते दुसऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाईलवर, शक्यतो वेगळ्या इंटरनेट जोडणीवर उघडून पाहावे. स्वतःच्या संगणकावर पाहणे ही तपासणी नव्हे.

दुसरी नेहमीची चूक इंग्रजी मोठ्या व लहान अक्षरांची. विंडोजवर फाईलचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले काय आणि लहान अक्षरांत लिहिले काय, दोन्ही एकच मानले जाते. परंतु पुष्कळशी संकेतस्थळे लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर असतात आणि तेथे ती दोन वेगळी नावे ठरतात. कॅमेरे फाईलच्या शेवटी जेपीजी ही अक्षरे पुष्कळदा मोठ्या लिपीत लावतात, आपण पानात ती लहान लिपीत लिहितो, आणि घरी दिसणारे चित्र सर्व्हरवर नाहीसे होते. यास्तव सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

नावात मोकळी जागा, कंस, अवतरणचिन्हे टाळावीत. देवनागरीत नाव देता येते, परंतु पत्त्यात जाताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहिला जातो. म्हणजे एकट्या 'क' या अक्षराची नऊ चिन्हे होतात. असा लांबलचक पत्ता एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना कोठे तरी तुटतो. नावात लहान इंग्रजी अक्षरे, आकडे व जोडरेघ एवढेच वापरले तर ही कटकट उद्भवत नाही.

वाटेतील अडथळे

४०३ हा आकडा दिसला तर सर्व्हरवर फाईलचे परवाने पाहावेत. लिनक्स सर्व्हरवर सर्वसाधारणपणे फाईलला ६४४ व फोल्डरला ७५५ हे परवाने असतात. घाबरून सर्वांना सर्व परवाने देऊन टाकू नयेत. ते घराचे दार उघडे टाकून झोपण्यासारखे आहे.

काही वेळा आपण दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील चित्राचा पत्ता थेट आपल्या पानात लावतो. त्या मंडळींनी चित्र हलवले, किंवा बाहेरच्या पानांना देण्याचे बंद केले, की आपली चौकट रिकामी होते. शिवाय छायाचित्रावर काढणाऱ्याचा हक्क असतो आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्यास संरक्षण दिले आहे. तेव्हा परवानगी घ्यावी व प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवावी.

संकेतस्थळ जुने असेल तर आणखी एक गोष्ट संभवते. पान सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस झालेले असते, पण चित्रांचे पत्ते जुन्या एचटीटीपी पद्धतीचेच राहिलेले असतात. सुरक्षित पानात असुरक्षित चित्र आणण्यास ब्राउझर हरकत घेतो. असे सर्व पत्ते शोधून बदलणे हाच उपाय.

चित्रातील दोष

वरचा अर्धा फोटो दिसतो व खाली राखाडी पट्टा येतो, असे झाले तर फाईल अर्धवट चढली आहे असे समजावे. घरच्या फाईलचे व सर्व्हरवरील फाईलचे वजन ताडून पाहावे; कमी भरले तर पुन्हा चढवावी. सर्व्हरवरील जागा संपली असली तरी असे होते.

चित्रांचे प्रकार अनेक आहेत. जीआयएफ हा १९८७ सालचा; त्यात २५६ पेक्षा अधिक रंग मावत नाहीत, म्हणून फोटोसाठी तो वापरू नये. जेपीईजी हे मानक १९९२ चे. फोटोसाठी ते उत्तम. पीएनजी १९९६ मध्ये आले. बोधचिन्ह, आकृत्या व पारदर्शक पार्श्वभूमी यांसाठी ते योग्य. बोधचिन्हामागे पांढरी किंवा काळी पेटी दिसू लागली, तर कोणी तरी पीएनजीचे जेपीईजी केले आहे हे ओळखावे, कारण जेपीईजीमध्ये पारदर्शकता नसते. २०१० साली गुगलने आणलेले वेबपी यांहून हलके असते व आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ते दाखवतात.

अडचण होते ती एचईआयसी या प्रकाराची. २०१७ पासून आयफोन फोटो साठवण्यासाठी हा प्रकार वापरतो, पण बहुतेक ब्राउझर तो उघडीत नाहीत. काहीजण फाईलच्या शेवटचे एचईआयसी खोडून जेपीजी लिहितात. तांदळाच्या डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी लावल्याने तांदूळ गोड होत नाहीत! फाईल योग्य प्रोग्रॅममध्ये उघडून नव्या प्रकारात साठवावी लागते.

स्मरणिका काढणाऱ्या संस्थांना आणखी दोन दोष हमखास भेटतात. छापखान्यातून आलेले चित्र संकेतस्थळावर लावले की रंग विटके किंवा भडक दिसतात. छपाई चार शाईंच्या हिशेबाने, म्हणजे सीएमवायके पद्धतीने चालते. पडदा लाल, हिरवा, निळा या तीन प्रकाशांनी, म्हणजे आरजीबीने रंग दाखवतो. चित्र आरजीबीमध्ये बदलून मगच चढवावे. दुसरा दोष जाळीचा. जुन्या स्मरणिकेतील फोटो स्कॅन केला की त्यावर जाळी उमटते. छापील फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. ते ठिपके व स्कॅनरच्या रेघा एकमेकांत अडकून ही जाळी तयार होते. स्कॅनरमध्ये डिस्क्रीन नावाची सोय असल्यास ती वापरावी. मूळ फोटो कोणाच्या घरी मिळत असेल तर त्यासारखे दुसरे काही नाही.

वजनाचा प्रश्न

चित्र 'दिसत नाही' अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा ते येत असते, पण मुंगीच्या पावलाने. १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच असतो आणि त्याचे वजन सहज ३ ते ५ एमबी भरते. कार्यक्रमाचे असे दहा फोटो लावले की ते पान ३० ते ५० एमबीचे झाले. पानावर त्यांची जागा मात्र जेमतेम ८०० पिक्सेल रुंदीची असते! ज्या विद्यार्थ्याकडे साधा मोबाईल आहे, गावात रेंज अधूनमधून येते आणि दिवसाचा डेटा मोजका आहे, त्याला आपण विनाकारण हा भुर्दंड देतो.

तोच फोटो १२०० बाय ९०० पिक्सेलचा केला तर पिक्सेलची संख्या अकरा पटींनी कमी होते. जेपीईजीचा दर्जा ८० च्या आसपास ठेवला तर वजन बहुधा १०० ते ३०० केबीच्या घरात येते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पानाच्या सूचनेत चित्राची रुंदी कमी लिहिली म्हणजे वजन कमी होत नाही. सगळा फोटो येतोच, केवळ लहान करून दाखवला जातो. वजन कमी करायचे ते चढवण्यापूर्वी.

परंतु लहान करताना मूळ फोटोवर हात चालवू नये. लहान प्रतीतून मोठी प्रत पुन्हा कधीच मिळत नाही, आणि जेपीईजी दर वेळी बदलून साठवले की थोडा तपशील गमावते. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तोही लहान होतो. मूळ हवा असल्यास डॉक्युमेंट म्हणून मागवावा. जुना ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रत मिळते. ती वेगळ्या ठिकाणी, दोन प्रतींत जपून ठेवावी. संकेतस्थळ हे चित्र दाखवण्याची जागा आहे, जतन करण्याची नव्हे. पहिल्या पिढीच्या कार्यकर्त्यांचे फोटो केवळ संकेतस्थळावरील अंगठ्याएवढ्या प्रतीत उरले, तर पुढची पिढी आपल्याला क्षमा करणार नाही.

वेडेवाकडे, धूसर व शिळे चित्र

माणसे जाड किंवा उंच झालेली दिसली तर चौकटीत रुंदी व उंची या दोहोंचे आकडे मूळ प्रमाणाशी न जुळणारे आहेत. ४००० बाय ३००० चे प्रमाण ४:३ आहे. चौकटीतही तेच राखावे. आकडे अजिबात न लिहिणेही बरे नव्हे, कारण मग चित्र येईपर्यंत ब्राउझरला जागा कळत नाही व वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. मोबाईलवर चित्र कडेबाहेर जात असेल तर कमाल रुंदी १०० टक्के व उंची ऑटो अशी सूचना द्यावी.

चित्र धूसर दिसत असेल तर ते लहान असून मोठ्या जागेत ताणले गेले आहे. त्याला उपाय एकच : मोठी मूळ प्रत शोधणे. फोटो आडवा पडत असेल तर कारण गमतीचे आहे. मोबाईल उभा धरला तरी पुष्कळदा फोटो आडवाच साठवला जातो आणि 'हा फिरवून दाखवावा' अशी टीप एक्झिफ नावाच्या माहितीत लिहिली जाते. २०२० पासून प्रमुख ब्राउझर ही टीप पाळतात. पण काही प्रोग्रॅम ती पुसून टाकतात व फोटो आडवा होतो. फोटो फिरवून नव्याने साठवला की प्रश्न मिटतो. याच एक्झिफमध्ये फोटो कोठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. विद्यार्थ्यांचे, विशेषतः मुलींच्या वसतिगृहाचे फोटो लावताना ही माहिती आवर्जून काढून टाकावी.

चित्र बदलले तरी जुनेच दिसते, ही तक्रार शेवटची. ब्राउझर वेळ वाचवण्यासाठी चित्रांची प्रत जवळ ठेवतो. कंट्रोल व एफ ५ या कळा एकत्र दाबल्या की आपल्याला नवे चित्र दिसेल. पण हजारो वाचकांना आपण ते सांगू शकत नाही. म्हणून नव्या चित्राला नवे नाव द्यावे. तारीख बदललेल्या सूचनेच्या बाबतीत तर हे विसरून चालणारच नाही.

सारे ठीक असूनही ज्यांना दिसत नाही

आता मूळ मुद्दा. समजा, पत्ता बरोबर आहे, वजन हलके आहे, चौकट नीट आहे. तरीही ते चित्र अंध विद्यार्थ्याला दिसणार नाही. असे विद्यार्थी विंडोजवरील एनव्हीडीए किंवा अँड्रॉइडवरील टॉकबॅक यांसारख्या वाचक प्रोग्रॅमच्या साह्याने पान ऐकतात. प्रोग्रॅमला अक्षरे वाचता येतात. फोटोत काय आहे हे त्याला आपण सांगावे लागते. त्यासाठी प्रत्येक चित्राच्या सूचनेत पर्यायी मजकुराची जागा असते. तेथे 'फोटो १' असे लिहून उपयोग नाही; 'वसतिगृहाच्या अभ्यासिकेत वाचत बसलेल्या विद्यार्थिनी' असे लिहावे. चित्र काही कारणाने आले नाही तर हाच मजकूर डोळस वाचकालाही चौकटीत दिसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती व दळणवळणाची साधने सर्वांना वापरता यावीत असे धोरण घालून दिले आहे. कायदा नसता तरी आपण हे करायलाच हवे होते.

आणि सूचनेचा फोटो लावणे तर शक्यतो बंदच करावे. फोटोतील मजकूर शोधून सापडत नाही, मोठा केला की फुटतो, वाचक प्रोग्रॅमला त्याचा भरवसा नसतो. एके काळी मराठी अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर उमटत नसत, तेव्हा मराठी मजकुराचे चित्र करून लावणे ही लाचारी होती. देवनागरीचा समावेश असलेले युनिकोड १९९१ मध्येच आले आणि आज साध्या मोबाईलवरही मराठी दिसते. लाचारी संपली, सवय उरली. पत्रकाचा फोटो शोभेसाठी अवश्य लावावा. पण तारीख, वेळ, पात्रता, लागणारी कागदपत्रे व अर्ज कोठे द्यायचा हे सारे त्याच्या खाली अक्षरांत लिहावे.

आमच्या सूचनेच्या पानावर त्या वर्षी अवघ्या पाच ओळी टंकलेल्या असत्या, तर चित्राची चौकट रिकामी राहूनही कोणाचे नुकसान झाले नसते. आता आम्ही कोणतीही सूचना लावली की ती तिघांकडे पाठवतो : एक गावाकडचा विद्यार्थी, एक साधा मोबाईल वापरणारे ज्येष्ठ सभासद आणि एक वाचक प्रोग्रॅमवर पान ऐकणारा मित्र. तिघांनीही शेवटची तारीख बरोबर सांगितली, म्हणजे मग आम्ही संगणक बंद करतो.